आधी खोली बघा, मग रंग घ्या

स्केल मॉडेल बनवणाऱ्यांच्या डोक्यात तीन समजुती अगदी फेविकॉल लावल्यासारख्या चिकटलेल्या असतात. पहिली, एअरब्रश वापरतो तो सीरियस आणि हाताने रंगवतो तो बालवाडीतला. दुसरी, बाटली परदेशी म्हणजे रंग चांगला, मग तो कशासाठीही वापरा. तिसरी, ॲक्रिलिक म्हणजे पाण्याचा रंग, म्हणजे एकदम सेफ. माझ्या मते पहिल्या दोन समजुती अर्धवट आहेत आणि तिसरी चक्क धोकादायक आहे. निदान तीन जणींनी मिळून वापरायच्या दहा बाय बाराच्या खोलीत तरी नक्कीच!

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही (आमच्या रेक्टर मॅडम अजूनही त्याला ‘ती तुमची खेळणी’ म्हणतात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाचं, रणगाड्याचं किंवा जहाजाचं मोजून-मापून लहान केलेलं रूप. १/७२ म्हणजे खऱ्याचा बहात्तरावा भाग, १/३५ म्हणजे पस्तिसावा. प्लॅस्टिकचे पार्ट एका फ्रेमला लटकलेले येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. पहिली तीन कामं कोणीही महिन्याभरात शिकतं. चौथ्यापाशी घोडं अडतं.

हा विषय मासिकात आणायचं कारण म्हणजे आमच्या हॉबी ग्रुपमध्ये या वर्षी वर्गणी काढून एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घ्यायचा घाट घातला जातोय. खर्च माणशी वाटला तरी थोडाथोडका नाही. एकटीने घ्यायचं म्हटलं तर मेसचं दोन महिन्यांचं बिल त्यात जाईल. आणि तो चालवायचा कुठे, तर म्हणे कुणाच्या तरी रूमवर! माझा एअरब्रशला विरोध नाही, पण या क्रमाला आहे. आधी खोली बघावी, मग हत्यार ठरवावं आणि शेवटी रंग घ्यावा. सगळे नेमके उलटे जातात.

आता मुळापासून सुरू करू. ‘ॲक्रिलिक’ हे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचं, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बाइंडरचं नाव आहे. तो बाइंडर कशात मिसळलाय हे त्या नावातून कळत नाही. आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. दुकानात ‘ॲक्रिलिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या दोन वेगवेगळ्या घराण्यांतल्या असतात.

पहिलं घराणं इमल्शनचं. पाण्यात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, थोडंफार दुधात स्निग्धांश असतो तसे. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटून त्यांची सलग फिल्म बनते. एकदा बनली की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. स्पेनची वायेहो (स्पेलिंग वाचून सगळे ‘वॅलेजो’ म्हणतात, चालतं), तिकडचीच एके इंटरॅक्टिव्हची थर्ड जनरेशन, जर्मनीच्या रेवेलचे ॲक्वा कलर, इंग्लंडचे सिटाडेल हे सगळे या घराण्यातले. आपले कॅम्लिनचे आणि फेव्हिक्रिलचेसुद्धा.

दुसरं घराणं अर्धं पाण्यातलं, अर्धं सॉल्व्हंटमधलं. जपानच्या तामियाच्या एक्स आणि एक्सएफ नंबरच्या बाटल्या आणि मिस्टर हॉबीचे ‘ॲक्वियस’ रंग हे यातले. यांत अल्कोहोल आणि ग्लायकॉल इथर जातीची सॉल्व्हंट्स असतात. ब्रश पाण्याने धुता येतो म्हणून लोकांना वाटतं की हे पाण्याचेच रंग. बाटली उघडून नाकाजवळ न्या (खरं तर नका नेऊ), मग कळेल. तामियाचा स्वतःचा एक्स-२०ए थिनर तर अल्कोहोलवालाच आहे.

हे दोन घराण्यांचं प्रकरण समजलं की बाकीचं आपोआप समजतं. पहिल्या घराण्याच्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर रंग नासलेल्या दुधासारखा फाटतो, गुठळ्या होतात. दुसऱ्या घराण्याच्या रंगाला तेच अल्कोहोल छान चालतं. ‘थिनर तो थिनर, कुठलाही घाला’ हा सल्ला देणाऱ्या सीनियरपासून सावध राहा.

आता हाताने रंगवण्याबद्दल. इथे पहिलं घराणं उघडउघड जिंकतं. वायेहोची ‘मॉडेल कलर’ ही लाइन मुळात ब्रशसाठीच बनवलेली आहे. रंगद्रव्य भरपूर, झाकण्याची ताकद चांगली आणि वास जवळजवळ नाहीच. ड्रॉपरची बाटली असल्यामुळे एक-एक थेंब मोजून घेता येतो, वाया जात नाही. मॉडेलवाल्यांच्या वापरात एक बाटली कितीतरी महिने पुरते. फक्त बाटलीतून काढून थेट फासायचा नाही. एक-दोन थेंब पाणी घालून पातळ करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. पहिला हात कायम भिकार दिसतो. तिथे घाबरून जाड थर देणाऱ्यांचं मॉडेल वाया जातं.

जाड थर का नको, याचं गणित इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला मजा येते. समजा रंगाचा थर फक्त ०.०५ मिलिमीटर झाला. १/७२ च्या विमानावर त्याचा खऱ्या मापातला अर्थ होतो ०.०५ गुणिले ७२, म्हणजे ३.६ मिलिमीटर. खऱ्या विमानावर कोणी जाड पुठ्ठा चिकटवल्यासारखं! पत्र्यांच्या जोडांच्या नाजूक रेषा अशाने बुजणारच. १/३५ च्या रणगाड्याला तोच थर पावणेदोन मिलिमीटरचा, म्हणजे तो जरा माफ करतो. म्हणून पहिलं मॉडेल हाताने रंगवायचं असेल तर रणगाडा घ्या, चकचकीत विमान नको.

दुसरी अडचण म्हणजे पाण्याचा रंग नुसत्या प्लॅस्टिकवर नीट बसत नाही, थेंब-थेंब होऊन गोळा होतो. याचं कारण सरफेस टेन्शन. (त्याला मराठीत पृष्ठताण म्हणतात हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हॉस्टेलमध्ये आल्यावर कळतं!) पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास आणि पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा चाळीसच्याही आत. त्यामुळे पाणी त्यावर पसरायला तयार नसतं. त्यात पार्टवर साच्यातलं तेल आणि आपल्या बोटांचा मेसच्या पुरीचा तुपकटपणा. उपाय सोपे आहेत. भांडी घासायच्या लिक्विडने पार्ट धुवायचे, पूर्ण वाळवायचे आणि आधी प्रायमर द्यायचा. हे केलं नाही तर मास्किंग टेप काढताना वायेहोचा रंग सापाच्या कातीसारखा अख्खा सोलून निघतो. ही त्या रंगाची खरी कमजोरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. दुसरी कमजोरी अशी की तो सँडपेपरने नीट घासला जात नाही, रबरासारखा ओढला जातो.

तामियाने हाताने रंगवणं म्हणजे मात्र परीक्षाच. रंग भराभर सुकतो आणि वर दुसरा हात द्यायला जावं तर त्यातलं सॉल्व्हंट खालचा थर पुन्हा मऊ करतं. नेलपेंटवर रिमूव्हरचा ओला बोळा फिरवल्यावर काय होतं ते आठवा. पट्टे पडतात, खालचं प्लॅस्टिक दिसायला लागतं. रिटार्डर घालून, मोठ्या चपट्या ब्रशने, एकदाच ओढून, मागे वळून न पाहता रंगवणारे लोक आहेत आणि ते सुंदर काम करतात. पण फर्स्ट इयरच्या मुलीने तिथून सुरुवात करू नये. तामियाच्या किटवर रंगांचे नंबर तामियाचेच छापलेले असतात, म्हणून नवी माणसं तेच घेतात आणि मग ‘मला रंगवताच येत नाही’ म्हणून छंद सोडून देतात. रंग वाईट नाही आणि मुलीचा हातही वाईट नाही. जोडी चुकली, बस्स.

आणि स्वदेशी? कॅम्लिन हे आपल्या दांडेकरांचं. १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू झालेलं (२०११ नंतर ते जपानच्या कोकुयोकडे गेलं, तो भाग वेगळा). त्यांचे ॲक्रिलिक कॅनव्हाससाठी बनलेले आहेत. लेप जाड, ब्रशचे फटकारे दिसणं हाच तिथे गुण. १/७२ च्या पंखावर तोच गुण दोष ठरतो. पण मॉडेलखालची जमीन, चिखल, विटांची भिंत, झाडांची खोडं यासाठी परदेशी बाटली उघडणं म्हणजे पैशाचा माज. तिथे कॅम्लिन आणि फेव्हिक्रिल मस्त चालतात. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतात आणि संपले तर जेवणाच्या सुट्टीत आणता येतात. ब्रशही सुरुवातीला साधे सिंथेटिक पुरतात. रंग ओला ठेवायची वेट पॅलेट घरीच होते. टिफिनचं झाकण, त्यात ओला टिश्यू, वर बटर पेपर. झाली पॅलेट!

आता एअरब्रश. इथे बाजी पलटते. तामिया आणि मिस्टर हॉबी ॲक्वियस एअरब्रशमधून अक्षरशः लोण्यासारखे जातात. ०.३ मिलिमीटरचा नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ, आणि काम सुरू. थर इतका पातळ बसतो की मघाचं गणित विसरून जा. सुकायला काही मिनिटं. प्लॅस्टिकला पकडही चांगली. वायेहोची ‘मॉडेल एअर’ ही लाइन बारीक दळलेली आणि आधीच पातळ केलेली येते. ती चालते, पण नखरे करते. पाण्यातला रंग सुईच्या टोकावर सुकून बसतो, मग फवारा अडखळतो आणि एकदम थुंकतो. नेमका कॉकपिटच्या काचेवर. फ्लो इम्प्रूव्हर घालून आणि मधूनमधून सुई पुसून तो आटोक्यात ठेवावा लागतो. कॅनव्हासचे ॲक्रिलिक मात्र एअरब्रशमध्ये घालूच नका. नोझल तुंबतो हे एक आणि काही आर्टिस्ट रंगांत कॅडमियमसारखी द्रव्यं असतात हे दुसरं. ब्रशने लावली तर ती कॅनव्हासवर राहतात, फवारली तर श्वासात जातात.

यात आपल्या हवेचाही भाग आहे. परदेशी माणसाने लिहिलेल्या सूचना त्याच्या हवेत खऱ्या असतात. आपल्या मे महिन्यात पाण्याचा रंग ब्रशवरच सुकायला लागतो, एअरब्रशमध्ये तर विचारूच नका. जुलैमध्ये उलटं. इमल्शनमधलं पाणी उडायलाच तयार नसतं, वरून सुकल्यासारखं वाटतं आणि बोट लावलं की ठसा उमटतो. कॉम्प्रेसरच्या हवेतलं बाष्प पाइपात पाणी होऊन साचतं आणि मध्येच थेंब बनून रंगात येतं. म्हणून मॉइश्चर ट्रॅप नसलेला कॉम्प्रेसर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पावसाळ्यात दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. सबमिशनच्या आदल्या रात्री असाइनमेंट होते, मॉडेल होत नाही.

आता मूळ मुद्दा. ब्रशने रंगवताना रंग बाटलीतून मॉडेलवर जातो. एअरब्रशने रंगवताना तो आधी हवेत जातो आणि त्यातला काही भाग मॉडेलवर बसतो. बाकीचा जातो कुठे? पलंगावर, वह्यांवर आणि शेजारच्या पलंगावर झोपलेल्या मुलीच्या छातीत. फवाऱ्यातले काही थेंब इतके बारीक असतात की नाक त्यांना अडवू शकत नाही. पाण्याचा रंग असला तरी त्यातलं रंगद्रव्य आणि पॉलिमर फुप्फुसात गेल्यावर काही पाणी होत नाही. दुसऱ्या घराण्याचा रंग असेल तर त्यात सॉल्व्हंटची वाफ मिळवा. २०२० नंतर घराघरात आलेला कापडी किंवा सर्जिकल मास्क त्या वाफेला अजिबात थांबवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि धुळीचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो. आणि तो फवारणारी घालेल हो, तिच्या रूममेटचं काय?

माझ्या रूममेटला दमा आहे. डास मारायची कॉइल लावली तरी तिला रात्रभर पंप घेऊन बसावं लागतं. ती मला मॉडेल करू नको असं कधीच म्हणणार नाही, कारण ती तशी नाही. नेमकं म्हणूनच हा निर्णय तिच्यावर सोडायचा नसतो. हॉस्टेलमध्ये खोली शेअर करतो म्हणजे हवाही शेअर करतो. एकमेकींच्या मॅगीवर हक्क सांगणाऱ्या आपण एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

शिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोल पेट घेतं. साधारण बारा अंश सेल्सिअसपासूनच त्याची वाफ ठिणगीला तयार असते, म्हणजे आपल्याकडे वर्षभर. हॉस्टेलच्या खोलीत (कागदोपत्री नसलेली) इस्त्री असते, (कागदोपत्री नसलेली) शेगडी असते. बंद खिडकीत फवारणी आणि शेजारी चहा हे कॉम्बिनेशन केमिकलवाल्यांना विचारून बघा.

‘पण एअरब्रशशिवाय काही गोष्टी होतच नाहीत!’ हे ऐकू येतंय मला. बरोबर आहे. दोन रंगांची हळूच एकमेकांत मिसळणारी कडा ब्रशने काढणं फार अवघड. चकाकता धातू तर जवळजवळ अशक्य. १९६३ पासून आपल्या हवाई दलात असलेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेलं मिग-२१ घ्या. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ही विमानं बनायची, म्हणून आम्हा नाशिककरांना त्याचं जरा जास्तच प्रेम. सुरुवातीची मिग-२१ उघड्या धातूची, चांदीसारखी होती. ती हाताने रंगवली तर ॲल्युमिनियमच्या डब्याला पांढरा गिलावा केल्यासारखी दिसतील. तिथे एअरब्रशच हवा, मान्य.

पण सगळीच मॉडेल अशी नसतात. दुसऱ्या महायुद्धात हिवाळा आला की जर्मन सैनिक रणगाड्यांवर पांढरा रंग बादलीतून ब्रशने, झाडूने, हाताला मिळेल त्याने फासायचे. अशा रणगाड्याच्या मॉडेलवर ब्रशचे फटकारे दिसले तर ते जास्त खरं! माणसांच्या आकृत्या, कॉकपिटच्या आतलं, चाकं, हत्यारं ही कामं एअरब्रशचे मोठमोठे उस्तादही शेवटी ब्रशनेच करतात. म्हणजे ब्रश शिकणं चुकत नाहीच. एअरब्रश घेतलेल्याला ब्रश यावाच लागतो, ब्रशवाल्याला एअरब्रश नसला तरी भागतं. मग वर्गणीतला पहिला रुपया कशावर जायला हवा?

तेव्हा ग्रुपपुढे माझा प्रस्ताव असा. या वर्षी कॉम्प्रेसर नको. त्याऐवजी मॉडेल कलर प्रकारचे दहा-बारा रंग, प्रायमर, मॅट वार्निश आणि बरे ब्रश असा कॉमन सेट घ्यावा. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा, दोन राखाडी, दोन हिरवे, दोन तपकिरी आणि अंगाचा एक, एवढ्यावर अर्धं जग रंगवता येतं. बाकीचं मिसळून. पंधरा-वीस जणी एकाच वेळी बसून शिकू शकतात. एअरब्रशवर एका वेळी एकच बसते आणि बाकीच्या मोबाइल बघतात.

आणि रेक्टर मॅडम व जिमखाना कमिटीला विनंती अशी की आम्हाला पैसे नकोत, जागा द्या. गच्चीवरची बंद पडलेली खोली असो वा जुन्या वर्कशॉपमधला कोपरा. बाहेर हवा टाकणारा एक्झॉस्ट (ठिणगी न पडणाऱ्या मोटरचा), एक टेबल, दोन रेस्पिरेटर, अग्निशामक आणि वेळेची वही. ती जागा झाली की पुढच्या वर्षी वर्गणी काढून कॉम्प्रेसर आणा, पहिले शंभर रुपये माझे. तोपर्यंत रूममध्ये फवारणी बंद, असा नियम आम्हीच आमच्यावर घालून घ्यावा. वॉर्डनने येऊन कॉम्प्रेसर जप्त करण्याची वाट कशाला बघायची? एकदा जप्ती झाली की पुढची पाच वर्षं ‘मॉडेल’ हा शब्दसुद्धा अर्जात लिहिता येणार नाही, हे इथल्या प्रत्येक क्लबला अनुभवाने ठाऊक आहे.

हे सगळं न पटणाऱ्या मैत्रिणींनी जरूर येऊन वाद घालावा. मी रोज रात्री मेसनंतर कॉमन रूममध्ये असते. वाद घालताना फक्त एक करा, हातात ब्रश घ्या. बोलता बोलता एखादं चाक तरी रंगवून होईल.